नाकाची दुसरी शस्त्रक्रिया करायची की नाही? निर्णयाआधी क्रमाने काय तपासायचं

पहिलं ऑपरेशन होऊन काही महिने झालेले असतात. सूज बरीच उतरलेली असते आणि आरशात जे दिसतं ते ठरल्यासारखं नसतं. शेंडा दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा अरुंद, बाजूने पाहिलं तर दांडा खचलेला, नाहीतर दिसायला सगळं बरं पण रात्री आडवं झालं की एक नाकपुडी ठार बंद. काहींनी ऑपरेशन केलेलंच नसतं. फिलर, म्हणजे आकार देण्यासाठी इंजेक्शनने कातडीखाली भरायचा पदार्थ, भरून घेतलेलं असतं किंवा आकारासाठी कातडीखाली धागे घातलेले असतात, आणि तिथे गाठ नाहीतर लाली राहिलेली असते. अशा वेळी डोक्यात एकच विचार फिरतो: लवकरात लवकर दुरुस्त करून टाकू.

माझ्या मावसबहिणीच्या नाकाची दुसरी शस्त्रक्रिया झाली तेव्हा तिच्याबरोबर ओपीडीच्या रांगांत मीच असायचे. तेव्हापासून ओळखीतल्या बऱ्याच जणी आणि काही मुलगेही याच प्रश्नासाठी फोन करतात. त्यांना ज्या क्रमाने सांगते, त्याच क्रमाने इथे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. तपासणीची जागा हा लेख घेऊ शकत नाही, पण तपासणीला जाताना हातात काय असावं आणि तिथे काय विचारावं, हे यातून नक्की कळेल.

माझं म्हणणं पहिल्यांदाच स्पष्ट सांगते. दुसऱ्या शस्त्रक्रियेचा निर्णय नाकाच्या आत काय उरलंय यावर घ्यावा. नाक कसं दिसायला हवं, हा प्रश्न त्यानंतरचा. हा क्रम उलटा झाला की तिसऱ्या शस्त्रक्रियेची वेळ येते. नाकाची सौंदर्य शस्त्रक्रिया केलेल्यांपैकी साधारण ५ ते १५ टक्के लोकांना पुन्हा काहीतरी करून घ्यावं लागतं, असं वैद्यकीय साहित्यात सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. म्हणजे तुमच्यावर आलेली वेळ दुर्मीळ नाही आणि त्यात लाजण्यासारखंही काही नाही.

आधी बघा: तुमच्याकडे थांबायला वेळ आहे का?

पुढचा सगळा लेख सबुरीचा आहे, पण काही लक्षणांत सबुरी धोक्याची असते.

फिलर भरल्यावर लगेच किंवा काही तासांत नाकाची कातडी पांढरीफटक पडली, जाळीसारखे निळे-जांभळे डाग उमटले, दुखणं वाढत गेलं, तर तो रक्तवाहिनी बंद झाल्याचा इशारा असतो. डोळ्याला अंधारी आली, दिसेनासं झालं, तर एक मिनिटही घालवू नका. नाकाच्या दांड्यावरच्या रक्तवाहिन्या डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीशी जोडलेल्या असतात, म्हणून नाकातलं फिलर दृष्टीवर जाऊ शकतं. फिलर हायलुरॉनिक ॲसिडचं असेल तर हायलुरॉनिडेज नावाच्या इंजेक्शनने ते विरघळवता येतं, पण ते वेळेत मिळायला हवं. जिथे भरलं तिथे फोन करा आणि त्याच वेळी डोळ्यांचा विभाग असलेल्या मोठ्या रुग्णालयाकडे निघा. "उद्या सकाळी या" हे उत्तर अशा वेळी मान्य करू नका.

ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही दिवसांत दोन्ही नाकपुड्या अचानक गच्च झाल्या आणि ठसठस वाढली, तर नाकाचे आतून दोन भाग करणाऱ्या पडद्यात रक्त साठलेलं असू शकतं. ते वेळेत काढलं नाही तर पडद्याचं कार्टिलेज (लवचीक कूर्चा) मरतं आणि पुढे नाक खचतं. ताप, पू, घाण वास ही संसर्गाची लक्षणं. आत सिलिकॉन किंवा दुसरं इम्प्लांट असेल आणि वरची कातडी लाल, पातळ, चकचकीत होत चालली असेल, तर ते बाहेर येण्याच्या वाटेवर आहे. घोळणा फुटला तर पुढे वाकून नाकाचा मऊ भाग १५ मिनिटं सलग दाबून धरा. तरीही रक्त थांबलं नाही तर रुग्णालय गाठा. खाली वाकल्यावर एकाच नाकपुडीतून पाण्यासारखा पातळ, खारट द्रव ठिबकत असेल आणि डोकं दुखत असेल, तर त्याला सर्दी समजू नका, त्याच दिवशी दाखवा.

यातलं काही नसेल तर तुमच्याकडे वेळ आहे. तो वापरायचा कसा, ते पुढे.

वर्षभर थांबायचं, पण हात बांधून नाही

पहिल्या ऑपरेशननंतर किमान १२ महिने दुसऱ्याला हात घालू नये, असं बहुतेक सर्जन सांगतात. कातडी जाड असेल तर दीड वर्ष, कधी त्याहून जास्त. आपल्याकडे जाड, तेलकट कातडी आणि खाली नाजूक कार्टिलेज ही जोडी बऱ्याच नाकांत दिसते, आणि अशा नाकाची सूज फार सावकाश उतरते. शेंड्याची तर सगळ्यात शेवटी. चौथ्या महिन्यात बोजड दिसणारा शेंडा चौदाव्या महिन्यात वेगळा दिसू शकतो. आत तयार झालेला व्रणही तेवढ्या काळात मऊ होतो. कच्च्या व्रणावर पुन्हा सुरी चालवली तर रक्तस्राव जास्त होतो, थर एकमेकांपासून नीट सुटत नाहीत आणि नवा व्रण आणखी वाढतो.

या काळात दर महिन्याला एकाच खिडकीपाशी, एकाच अंतरावरून फोटो काढा: समोरून, दोन्ही बाजूंनी, दोन्ही तिरप्या कोनांतून आणि मान मागे करून नाकपुड्यांचा. सेल्फी घेऊ नका. जवळून धरलेला मोबाइल नाक आहे त्यापेक्षा मोठं दाखवतो आणि उगाच घबराट होते. कोणाला तरी चार-पाच फुटांवर उभं राहून थोडं झूम करून काढायला सांगा.

शेंड्याच्या वर फुगवटा राहिला असेल तर सर्जन कधी टेप लावायला सांगतात, कधी ट्रायमसिनोलोन या स्टेरॉइडचं अगदी थोडं इंजेक्शन देतात. जास्त झालं तर कातडी पातळ होते, म्हणून ते त्यांनीच, मोजून द्यायचं. ऑनलाइन व्हिडिओ पाहून मालिश करू नका.

ॲलर्जीची सर्दी असेल तर तिचा इलाज याच काळात पूर्ण करून घ्या. नाक चोंदतं म्हणून वर्षानुवर्षं नाक मोकळं करणारे झायलोमेटाझोलिन-ऑक्सिमेटाझोलिनचे थेंब घालणारे खूप जण आहेत. हे थेंब आठवडाभरापेक्षा जास्त वापरले की औषधामुळेच नाक बंद व्हायला लागतं. आधी ही सवय डॉक्टरांच्या मदतीने सोडवा. मग उरलेला अडथळा खरा किती, ते कळतं. काहींचा निम्मा त्रास इथेच संपतो आणि ऑपरेशनचा विषय मागे पडतो.

आणि एक कळकळीची विनंती. मधल्या काळात "छोटासा खड्डा फिलरने भरून देतो" या वाटेला जाऊ नका. ऑपरेशन झालेल्या नाकातल्या रक्तवाहिन्यांच्या वाटा बदललेल्या असतात, कातडी व्रणाने आत चिकटलेली असते, आणि त्यामुळे तिथे फिलरचा धोका न कापलेल्या नाकापेक्षा जास्त असतो. आधीच भरलेलं असेल तर दुसऱ्या सर्जनपासून ते लपवू नका. हायलुरॉनिक ॲसिडचं फिलर बहुधा ऑपरेशनच्या काही आठवडे आधी विरघळवतात, म्हणजे नाकाचा खरा आकार दिसतो. कायमस्वरूपी फिलर असेल तर मामला अवघड असतो, कारण ते विरघळत नाही आणि काढताना भोवतालचा भागही जातो.

तक्रार कागदावर: श्वास वेगळा, रूप वेगळं

एका पानाचे दोन भाग करा. एकीकडे श्वासाच्या तक्रारी लिहा, दुसरीकडे दिसण्याच्या. बहिणीने पहिल्यांदा लिहिलं तेव्हा दिसण्याच्या बाजूला अकरा ओळी होत्या आणि श्वासाच्या बाजूला एकच: "झोपताना तोंड उघडं राहतं." तपासणीत सर्जनने त्या एका ओळीवरच सगळ्यात जास्त वेळ घालवला.

श्वासासाठी डॉक्टर पाच प्रश्न वापरतात: नाक चोंदल्यासारखं वाटतं का, अडथळा वाटतो का, नाकाने श्वास घेताना त्रास होतो का, झोपमोड होते का, चढण चढताना किंवा व्यायामात नाकातून पुरेशी हवा येत नाही असं होतं का. प्रत्येकाला ० ते ४ गुण द्या, बेरजेला ५ ने गुणा, म्हणजे १०० पैकी आकडा मिळतो. दर महिन्याला एकदा लिहून ठेवा. "खूप त्रास होतो" या वाक्यापेक्षा "जानेवारीत ७०, मेमध्ये ६५" हे डॉक्टरांना पुष्कळ जास्त सांगतं.

घरी करून बघण्यासारखी एक चाचणी आहे. नाकाशेजारच्या गालावर दोन बोटं ठेवून तो हलकेच कानाकडे ओढा आणि नाकाने श्वास घ्या. एकदम मोकळं वाटलं तर नाकाच्या मधल्या भागातली अरुंद खिंड, म्हणजे डॉक्टर ज्याला व्हॉल्व्ह म्हणतात ती, आवळली गेलेली असू शकते. धडधाकट नाकातही थोडा फरक जाणवतो, म्हणून याला निदान समजू नका, फक्त नोंद करा. जोरात श्वास ओढताना नाकपुडीची भिंत आत चिकटते का, हेही आरशात पाहा. श्वासाबरोबर शीळ वाजते, आत सतत खपल्या धरतात, अधूनमधून रक्त येतं, असं असेल तर पडद्याला भोक पडल्याची शंका घेऊन एंडोस्कोपीने, म्हणजे दुर्बिणीने आतून तपासून घ्यायला हवं.

दिसण्याच्या तक्रारींत "नाक वाईट झालं" असं लिहू नका. जागा सांगा: दांडा, मधला भाग, शेंडा, नाकपुडीची कड, दोन नाकपुड्यांमधला खांब. आणि त्या तक्रारींना क्रमांक द्या. पहिल्या दोन सुधारल्या आणि बाकीच्या तशाच राहिल्या तर चालेल का? या प्रश्नाचं उत्तर स्वतःला प्रामाणिकपणे द्या, कारण प्रत्यक्षात बहुधा तेवढंच पदरात पडतं.

आत नेमकं काय बिघडतं

नाकाचा वरचा साधारण एक तृतीयांश भाग हाडाचा. खालचा सगळा कार्टिलेजचा, म्हणजे लवचीक कूर्चेचा. मधोमध पडदा. मांडवाचे बांबू काढले की कापड खाली येतं, तसं पहिल्या ऑपरेशनमध्ये आतला आधार जास्त काढला गेला तर वरची कातडी वर्षभरात आक्रसत खाली बसते. म्हणूनच काही नाकं तिसऱ्या महिन्यात छान दिसतात आणि दुसऱ्या वर्षी बिघडतात.

पडद्यातून कार्टिलेज काढताना वरच्या आणि पुढच्या कडेला इंग्रजी एल अक्षरासारखी, किमान एक सेंटीमीटर रुंदीची पट्टी राखायची असते. ती कमकुवत झाली तर दांडा खोगिरासारखा खचतो. वरचा उंचवटा काढताना मधल्या कार्टिलेजचा पडद्याशी असलेला आधार तुटला आणि तो परत बांधला नाही, तर मधला भाग आत जातो, प्रकाशात दांड्यावर उलट्या व्ही अक्षरासारखी सावली दिसते, आणि तिथली खिंड आवळते. तिचा कोन निरोगी नाकातसुद्धा १० ते १५ अंशांचाच असतो, म्हणून थोडं आवळलं तरी श्वास अडतो. शेंड्याचं कार्टिलेज जास्त कापलं तर शेंडा दाबला जातो आणि नाकपुडीची कड वर ओढली जाते, मग समोरून नाकपुड्या जास्त दिसतात. नाकातली खालची मांसल पाळी गरजेपेक्षा जास्त काढली गेली तर आणखी वेगळाच त्रास: नाक आतून मोकळं असूनही हवा जाते असं वाटतच नाही. यावर ऑपरेशनचा इलाज सोपा नाही, आणि तुमचं वर्णन असं असेल तर ते सर्जनला मुद्दाम सांगा.

"नाकाचं हाड वाढलंय" असं आपल्याकडे सरसकट म्हणतात. बहुतेक वेळा तो वाकडा पडदा असतो. पहिल्या ऑपरेशननंतरही तो वाकडाच राहिला असेल, तर श्वासाचा प्रश्न तुलनेने सरळ सुटू शकतो.

जुने कागद मिळवा, हे सगळ्यात दुर्लक्षित काम आहे

बहिणीच्या फाइलमध्ये डिस्चार्ज कार्ड होतं. त्यावर ऑपरेशनचं नाव, भुलीचा प्रकार आणि गोळ्यांची यादी. एवढंच. दुसऱ्या सर्जनने ते पाहून बाजूला ठेवलं आणि ऑपरेशन नोट मागितली. ती आणायला दोन फेऱ्या आणि एक लेखी अर्ज लागला. आल्यावर त्यात एक ओळ सापडली: पडद्याचं कार्टिलेज काढून शेंड्याला वापरलेलं. म्हणजे दुरुस्तीसाठी पडद्यात फारसं शिल्लक नव्हतं. त्या एका ओळीने पुढची सगळी योजना बदलली.

म्हणून मागायचं काय, ते लिहून घ्या: ऑपरेशन नोट, भुलीची नोंद, ऑपरेशनआधीचे फोटो, सीटी स्कॅन असल्यास त्याची सीडी, इम्प्लांट बसवलं असल्यास त्याचं स्टिकर, फिलर किंवा धाग्यांचं नाव, प्रमाण आणि तारीख. भारतात डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णाने मागणी केल्यावर ७२ तासांत कागद द्यायचे असतात, आणि दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायच्या असतात. अर्ज लेखी करा, पोच घ्या. तीन वर्षं होत आली असतील तर आजच जा. भांडणाच्या सुरात मागू नका. "पुढच्या उपचारासाठी हवेत" एवढं कारण पुरेसं आहे.

कोणाकडे जायचं

दोन वाटा आहेत. एमसीएच किंवा डीएनबी केलेले प्लास्टिक सर्जन, आणि कान-नाक-घसा विषयात एमएस करून नाकाच्या शस्त्रक्रियेचं खास काम करणारे. दोन्हींत उत्तम माणसं आहेत. श्वास आणि रूप दोन्ही बिघडलं असेल तर दोन्हीकडची एकेक मतं घ्या. नाव राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या इंडियन मेडिकल रजिस्टरमध्ये आणि महाराष्ट्रातल्या डॉक्टरांसाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत तपासता येतं. पाटीवरची "कॉस्मेटिक" पदवी कुठली, कशाची, हे विचारण्यात गैर काही नाही.

पहिल्या सर्जनकडे एकदा तरी परत जा. आत काय केलं, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं, आणि बरेच सर्जन मोकळेपणाने सांगतात. पुन्हा त्यांच्याकडूनच करून घ्यायचं का, हा वेगळा निर्णय. त्यांनी त्रास मान्यच केला नाही, तर उत्तर तुम्हाला मिळालंच.

पैशांचा संबंध नसलेलं मत हवं असेल तर मोठ्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांचे विभाग विसरू नका. मुंबईत केईएम, सायन, नायर, जेजे आणि पुण्यात ससून. केसपेपरची रांग लांब असते, पण तिथे कोणाला तुम्हाला पॅकेज विकायचं नसतं.

चांगली तपासणी कशी ओळखायची? सर्जन नाकाला हात लावून शेंडा दाबून बघतात, किती परत उसळतो ते पाहतात. आत एंडोस्कोप घालतात. श्वास घेताना भिंत कुठे कोसळते ते पाहतात. तिथलं कार्टिलेज वापरता येईल का, यासाठी कान दाबून बघतात. फोटो काढतात, गरज असेल तर सीटी सांगतात. पाच मिनिटांत, नुसतं समोरून बघून तारीख देणाऱ्याकडून उठून या.

तिथे विचारायचे प्रश्न: वर्षाला दुसऱ्यांदा केलेली नाकं किती असतात? त्यांचे एक वर्षानंतरचे फोटो पाहायला मिळतील? माझ्या नाकात काय दुरुस्त होणार नाही? श्वास बिघडण्याची शक्यता किती? पुन्हा करावं लागलं तर खर्चाचं काय? यातल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात लक्ष देऊन ऐका. "सगळं होईल" म्हणणाऱ्यापेक्षा "हे दोन होतील, तिसरं होणार नाही" म्हणणारा सर्जन मला शंभर पटींनी विश्वासाचा वाटतो. संगणकावर दाखवलेलं नवं नाक बोलणं सोपं करण्यासाठी असतं, ती हमी नसते.

नवा आधार कशाचा

दुसऱ्या शस्त्रक्रियेत बहुतेक वेळा काढण्यापेक्षा भर घालायची असते आणि ती शक्यतो तुमच्याच शरीरातून. पडद्यात कार्टिलेज उरलं असेल तर पहिली पसंती त्याला, कारण ते सरळ आणि ताठ असतं. नाही तर कानाच्या वाटीतलं. ते मऊ, वळणदार असतं, नाकपुडीच्या कडेला छान बसतं, पण मोठा भार पेलत नाही. कानाचा आकार सहसा बदलत नाही. मोठं काम असेल तर बरगडीचं कार्टिलेज. ते भरपूर मिळतं आणि मजबूत असतं, पण ते वाकू शकतं, छातीवर व्रण राहतो, काही आठवडे खोकताना-हसताना दुखतं, आणि फुप्फुसाच्या आवरणाला इजा होण्याचा थोडा धोका असतो. वय वाढलं की बरगडीच्या कार्टिलेजमध्ये कॅल्शियम साठतं, म्हणून काही सर्जन आधी छातीचा सीटी करून घेतात. खिंड उघडायला मधल्या भागात पातळ पट्ट्या बसवतात, त्यांना स्प्रेडर ग्राफ्ट म्हणतात. कोसळणाऱ्या भिंतीला बॅटन ग्राफ्ट. ही दोन नावं लक्षात ठेवा, तपासणीत हमखास कानावर पडतील.

सिलिकॉन किंवा सच्छिद्र पॉलिइथिलीनचं तयार इम्प्लांट पुन्हा बसवायचा सल्ला मिळाला तर दुसरं मत घ्याच. आधीच व्रण झालेल्या, पातळ कातडीच्या नाकात संसर्गाचा आणि ते बाहेर येण्याचा धोका वाढतो.

कातडीच गेली असेल, उदाहरणार्थ फिलरने रक्तपुरवठा तुटून, तर काम आणखी मोठं. तिथे कपाळाची कातडी वळवून नाकावर आणतात. ही पद्धत जगाला कळली ती पुण्यामुळे. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणाऱ्या कावसजीचं नाक टिपूच्या कैदेत कापलं गेलं होतं. पुण्याजवळ वीटकाम करणाऱ्या समाजातल्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीतून त्याला नवं नाक दिलं. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या जंटलमन्स मॅगझिनमध्ये त्याची चित्रासह हकीकत छापून आली, आणि ती वाचून पुढे १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू या सर्जनने लंडनमध्ये तसंच ऑपरेशन केलं. आज तंत्र पुष्कळ पुढे गेलंय, पण कपाळाची कातडी अजूनही वापरतात.

मनाची तपासणी

हे लिहिताना मला जपून लिहावंसं वाटतं, कारण अशा माणसांना "तुझ्या मनाचे खेळ आहेत" हे आधीच पुष्कळदा ऐकवलेलं असतं. श्वास अडणं हा मनाचा खेळ नाही. खचलेला दांडाही नाही. पण दिवसातून तासन्‌तास आरसा पाहणं, नाकामुळे कॉलेज-ऑफिस टाळणं, इतरांना दिसत नाही एवढ्या बारीक दोषाने झोप उडणं, एक दुरुस्त झालं की लगेच दुसरं दिसायला लागणं, हे होत असेल तर ऑपरेशनआधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. या आजाराला बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर म्हणतात. त्यात ऑपरेशनने समाधान सहसा मिळत नाही, उलट त्रास वाढू शकतो, आणि त्याच्यावर औषधं आणि समुपदेशन हे चांगले उपाय आहेत. शासनाची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

लग्न ठरायच्या आधी, साखरपुड्याच्या आधी, कोणाच्या बोलण्यावरून, अशा कारणांनी तारीख ठरवू नका. लग्नसराईत नाक सुजलेलं असणं हा प्रश्न तर आहेच, पण दुसऱ्या ऑपरेशनचं घाईने ठरवलेलं वेळापत्रक हाच मोठा धोका असतो.

पैसे, विमा, कायदा

लेखी अंदाजपत्रक मागा. त्यात सर्जन, भूलतज्ज्ञ, रुग्णालय, बरगडीचं कार्टिलेज घ्यावं लागल्यास वाढीव खर्च आणि नंतरच्या भेटी वेगवेगळ्या दाखवलेल्या असाव्यात. निव्वळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेवर जीएसटीही लागतो. आरोग्य विम्यात सौंदर्य शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणं, कर्करोग यानंतरची पुनर्रचना किंवा आरोग्याचा थेट धोका टाळण्यासाठी लागणारा उपचार हे अपवाद. पडदा सरळ करण्याचा खर्च बऱ्याच पॉलिसींत मिळतो, पण एंडोस्कोपी, सीटी आणि श्वासाच्या नोंदी हव्यात आणि मंजुरी आधी घ्यावी. रूपाचं काम श्वासाचं म्हणून दाखवायला कोणी सुचवलं तर स्पष्ट नकार द्या. दावा फेटाळला जाईल आणि पुढचे खरे दावेही संशयात येतील.

पहिल्या ठिकाणी निष्काळजीपणा झाला असं वाटत असेल, तर पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केलंय. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून साधारण २ वर्षं. नुसता निकाल न आवडणं हा निष्काळजीपणा ठरत नाही, हे मात्र लक्षात घ्या. एक गोष्ट कोणी सांगत नाही: तक्रार करायची असेल तर दुसऱ्या ऑपरेशनआधी नाकाची सविस्तर लेखी तपासणी, एंडोस्कोपीचा अहवाल आणि तारखेसह फोटो करून ठेवा. दुसरं ऑपरेशन झालं की पहिल्याच्या खुणा पुसल्या जातात.

संमतीपत्र आदल्या दिवशी घरी आणून वाचा. स्ट्रेचरवर झोपवून सही मागणं योग्य नाही. कान किंवा बरगडी वापरायची शक्यता त्यात लिहिलेली असायला हवी.

तयारी

तंबाखू सगळ्या रूपांत बंद, ऑपरेशनच्या किमान ४ आठवडे आधी आणि ४ आठवडे नंतर. सिगारेट, हुक्का, व्हेप, गुटखा, आणि मशेरीसुद्धा. घरातल्या बायका मशेरीला तंबाखू मानत नाहीत आणि डॉक्टरही विचारत नाहीत. निकोटिनने कातडीचा रक्तपुरवठा घटतो, आणि दोनदा कापलेल्या नाकाला ते परवडत नाही.

ॲस्पिरिन, ब्रूफेनसारख्या गोळ्या, ई जीवनसत्त्व, माशांच्या तेलाच्या कॅप्सूल, लसणाच्या गोळ्या, आयुर्वेदिक काढे, मुरुमांसाठीचं आयसोट्रेटिनॉइन, या सगळ्यांपैकी जे घेता त्याची यादी सर्जनला द्या. हृदयाचं किंवा रक्त पातळ करणारं औषध स्वतःहून बंद करू नका, ते ठरवायचं काम डॉक्टरांचं.

ऑपरेशन आणि नंतरचे महिने

पूर्ण भूल, आणि वेळ पहिल्यापेक्षा जास्त, काही तास. दोन नाकपुड्यांमधल्या खांबावर छोटा छेद घेऊन नाक उघडून काम करतात, कारण व्रणात डोळ्यांनी नीट दिसणं गरजेचं असतं. साधारण आठवडाभर नाकावर आधाराची कडक खपाटी (स्प्लिंट), पाच ते सात दिवसांत टाके काढतात, डोळ्यांखालची काळी-निळी सूज दोन आठवड्यांत उतरते. डोकं उंच ठेवून झोपा, दोन आठवडे नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडून द्या. मिठाच्या पाण्याचा फवारा सांगितला तेवढा मारा. घरातले वाफ घ्यायचा आग्रह धरतील, पण सर्जनला विचारल्याशिवाय घेऊ नका. ताज्या टाक्यांना उष्णता नको असते, आणि बधिर नाकाला चटका बसलेला कळत नाही.

चष्म्याचा भार दांड्यावर चार ते सहा आठवडे नको. टेपने कपाळाला अडकवायची युक्ती ड्रेसिंगवाल्या सिस्टर दाखवतात. डोक्यावरून घट्ट खाली ओढावं लागणारं हेल्मेट नाकाला घासतं, म्हणून तेवढे दिवस दुचाकी टाळा. ऊन लागू देऊ नका, आपल्या कातडीवर काळे डाग लवकर पडतात.

शेंडा कित्येक महिने बधिर आणि कडक राहतो. हसताना वरचा ओठ ओढल्यासारखा वाटतो. यावेळी सूज पहिल्यापेक्षा हळू उतरते, आणि अंतिम रूप कळायला वर्ष ते दीड वर्ष लागतं. श्वासातला फरक पुष्कळ आधी जाणवतो. ती पाच प्रश्नांची वही चालू ठेवा.

चमकी ऑपरेशनआधी काढावी लागते आणि भोक बुजू शकतं. पुन्हा टोचायचं असेल तर नाकपुडीच्या कडेला ग्राफ्ट बसवलाय का, हे आधी विचारा, कारण सुई त्यातून जाता कामा नये. सणाला नथ घालायची असेल तर प्रेसची नथ पहिलं वर्षभर नको. ती न टोचता बसते हे खरं, पण तिचा चाप नेमका त्याच कडेवर दाबतो जिथे नवा आधार बसवलेला असतो.